नव्या संगणकात जुनी विंडोज : काशीच्या अक्षरजुळणीच्या निमित्ताने

संगणकाच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके तुम्ही चाळली असतील तर त्यांत एक सरळ रेघ दिसते. आधी डॉस, मग विंडोज ९५, मग एक्सपी, व्हिस्टा, विंडोज ७. जणू नवी आली की जुनी उठून गेली. प्रत्यक्षात २००७ नंतरची काही वर्षे आपल्याकडे बरोबर उलटे घडत होते. दुकानातून व्हिस्टा भरलेला नवाकोरा संगणक आणायचा आणि पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी बोलावून त्यात एक्सपी ‘टाकून’ घ्यायची. काही जण व्हिस्टा सरळ पुसून टाकत. काही जण मात्र ती तशीच ठेवून शेजारी एक्सपीला जागा करून देत. मग संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत आणि तो विचारी, आज कोणती?

या पाठात आपण या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास पाहणार आहोत. नवी सिस्टीम हाताशी असताना माणूस जुनी का मागत होता, आणि हे वरवर साधे दिसणारे काम इतके किचकट का होते, हे दोन प्रश्न आपल्यासमोर आहेत. ‘लोकांना बदल नको असतो’ हे पहिल्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे. ते मला पटत नाही. का पटत नाही हे समजण्यासाठी आपण वाराणसीला जाऊ.

काशीच का?

कारण काशी हे मजकुराचे शहर आहे. १७९१ साली जोनाथन डंकनच्या पुढाकाराने तिथे संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे संस्कृत कॉलेज झाले आणि १९५८ मध्ये विद्यापीठ. आज ते संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि तिथल्या सरस्वती भवन ग्रंथालयातला हस्तलिखितांचा संग्रह देशातल्या मोठ्या संग्रहांपैकी आहे. चौखंबा हे संस्कृत ग्रंथांचे प्रकाशनगृह १८९२ मधले, नागरी प्रचारिणी सभा १८९३ मधली, काशी हिंदू विश्वविद्यालय १९१६ मधले. ‘आज’ हे हिंदी दैनिक १९२० साली सुरू झाले. ते ज्यांनी नावारूपाला आणले ते संपादक बाबूराव विष्णू पराडकर काशीतल्या मराठी घरातले होते. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांबद्दल तुम्ही कदाचित ऐकले असेल. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात पराडकरांचे नाव पहिल्या रांगेत घेतात. आपण मराठी वाचक मात्र ते सहसा विसरतो.

अशा शहरात छापण्याचे काम कधी थांबत नाही. ग्रंथ, पंचांगे, पोथ्या, शोधनिबंध आणि विद्यापीठांचे प्रबंध चालूच असतात. शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले आणि त्यांच्या जागी १९९० नंतर डीटीपीवाले आले. विश्वविद्यालयाच्या सिंहद्वाराबाहेरच्या लंका या वस्तीत प्रबंध टाइप करून, छापून, बांधून देणाऱ्या दुकानांची रांग आहे. समजा, २००८ साली असे एक दुकान तुम्ही चालवता. तुमच्याकडे एक जुना संगणक आहे, त्यावर एक्सपी, पेजमेकर आणि दहा वर्षांच्या फाइली. तो आता वारंवार बंद पडतो. तुम्ही नवा लॅपटॉप घेता, तर त्यात व्हिस्टा भरूनच येते. आता पुढे काय होते ते पाहण्याआधी त्या फाइलींत नेमके काय साठलेले आहे हे समजून घ्यायला हवे.

‘काशी’ या शब्दात किती अक्षरे?

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे आधी ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी हे ठरवण्याचे मोठे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत झाले. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम पुण्याला आले. डॉसच्या संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. त्याच परंपरेतून आलेली ‘इस्की’ ही संकेतपद्धती १९९१ साली भारतीय मानक झाली. इस्कीत ‘क’ म्हणजे १७९. तो कुठेही आला, अर्धा असो की पूर्ण, त्याचा आकडा तोच राही. त्याचे चित्र कसे काढायचे हे यंत्राने ठरवायचे. विचार उत्तम होता, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरूनच घेतली.

छपाईच्या धंद्याने मात्र दुसरी वाट धरली. विंडोज आणि पेजमेकर यांना देवनागरी कळत नव्हती, त्यांना रोमन अक्षरे कळत. मग रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा किंवा त्याच्या तुकड्याचा आकार बसवलेला फॉन्ट करायचा, म्हणजे पेजमेकरला वाटते आपण इंग्रजी छापतोय आणि कागदावर येते हिंदी. ही युक्ती सर्वत्र चालली. उत्तरेत तिचे सर्वांत परिचित नाव ‘कृतिदेव’. महाराष्ट्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि बंगळूरची ‘आकृती’ अशी पॅकेजे आपल्या छापखान्यांत रुळली होती. प्रत्येकाचा तक्ता वेगळा.

कृतिदेवमध्ये ‘काशी’ हा शब्द कसा साठतो ते पाहा. ‘क’साठी रोमन डी, कान्यासाठी के, अर्ध्या ‘श’साठी एकेरी अवतरणचिन्ह, तो पूर्ण करायला पुन्हा के, आणि दुसऱ्या वेलांटीसाठी एच. आकड्यांत सांगायचे तर १००, १०७, ३९, १०७, १०४. युनिकोडमध्ये तोच शब्द २३२५, २३६६, २३५८, २३६८ असा चार आकड्यांत बसतो. पहिल्या यादीतला १०७ दोनदा आला आहे हे तुमच्या लक्षात आले असेल. एकदा तो कान्याचे काम करतो आणि एकदा ‘श’चा दांडा होतो. यंत्राच्या लेखी दोन्ही एकच, कारण दोन्हीकडे उभी रेघच काढायची आहे. म्हणजे फाइलीत शब्द साठलेलाच नाही, शब्दाचे चित्र साठले आहे. पहिली वेलांटी तर आधी टाइप होते आणि व्यंजन नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. जुन्या टंकयंत्राची सवय जशीच्या तशी संगणकात आली.

आता हा फॉन्ट एकटाच असता तर नव्या सिस्टीममध्ये तो उचलून नेता आला असता. व्हिस्टामध्येही कृतिदेव चालतो. अडचण फॉन्टच्या भोवतीच्या संसाराची होती. श्रीलिपी, आयएसएम यांसारखी पॅकेजे ‘लॉक’वर चालत. लॉक म्हणजे संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या समांतर पोर्टात किंवा नंतर यूएसबीत खोचायचा छोटा ठोकळा. तो नसेल तर पॅकेज उघडत नाही, आणि त्या ठोकळ्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो. कळफलक बदलणारा छोटा प्रोग्रॅम सिस्टीमच्या पोटात शिरून काम करी. ट्रेसिंग काढायचा जुना लेझर प्रिंटर होता, त्याचाही ड्रायव्हर. या सगळ्या गोष्टी एक्सपीसाठी, क्वचित विंडोज ९८ साठी लिहिलेल्या.

वैदिक मजकुराचे तर आणखी वेगळे. काशीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची मोठी परंपरा आहे. तिच्या स्वरचिन्हांचे काही प्रकार, तसेच सामवेदाची अक्षरावर लिहायची चिन्हे युनिकोडमध्ये सुरुवातीला नव्हतीच. उदात्त-अनुदात्तासाठी मोजकी चिन्हे होती, तेवढीच. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये आला तो ५.२ या आवृत्तीत, ऑक्टोबर २००९ मध्ये. जुन्या पद्धतीत फॉन्ट करणारा हवे ते चिन्ह हव्या त्या जागी बसवू शके. म्हणजे २००८ साली वेदाची संहिता छापायला बसलेल्या माणसाला प्रमाणित युनिकोडपेक्षा जुनी, अप्रमाणित युक्तीच जास्त उपयोगी होती.

आणि पानाची मांडणी? पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. अडोबीने तिच्या जागी इनडिझाइन पुढे केले खरे, पण युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवण्याची अधिकृत सोय इनडिझाइनमध्ये यायला २०१२ चे सीएस ६ उजाडावे लागले. विंडोजला देवनागरी २००० सालीच येऊ लागली होती. पुस्तक मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला ती यायला आणखी बारा वर्षे लागली. ही बारा वर्षे लक्षात ठेवा. जुनी सिस्टीम जपणाऱ्यांना अडाणी म्हणणाऱ्यांच्या हिशेबात ती सहसा नसतात.

व्हिस्टा येते

मायक्रोसॉफ्टने एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आणली आणि व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी. मधे सव्वापाच वर्षे गेली. इतका काळ एकच सिस्टीम चालल्यामुळे सगळा धंदा तिच्या मापाने शिवला गेला होता. व्हिस्टाने सुरक्षेसाठी बरेच काही बदलले, आणि त्यातले पुष्कळसे योग्यच होते. जुन्या प्रोग्रॅमना सिस्टीमच्या फोल्डरात मनमानी लिहायची सवय होती. व्हिस्टाने ती मोडली आणि प्रत्येक पावलावर ‘परवानगी आहे का?’ असे विचारायला सुरुवात केली. ६४-बिट व्हिस्टाने सही नसलेले ड्रायव्हर नाकारले आणि १६-बिटचे प्रोग्रॅम तर उघडणेच बंद केले. एक बारीक गोष्ट सांगतो. जुन्या पॅकेजांची ‘हेल्प’ ज्या प्रोग्रॅममध्ये उघडे तो विनहेल्प व्हिस्टासोबत आलाच नाही. तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. म्हणजे काही अडले तर मदतीचे पानही उघडत नसे.

दुसरीकडे, व्हिस्टामध्ये मराठी-हिंदी आपोआप दिसे. एक्सपीत ती सोय आतूनच होती, पण बंद ठेवलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली चालू कराव्या लागत, आणि त्या वेळी संगणक एक्सपीची सीडी मागे. इंटरनेटवर युनिकोडमध्ये वाचायचे, ईमेल लिहायची तर व्हिस्टा चांगली, आणि पोट भरायचे तर एक्सपी. दोन्ही हव्यात याला आणखी कारण लागत नाही.

परवान्याचाही प्रश्न होता. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट या महागड्या प्रकारांसोबत त्याऐवजी एक्सपी प्रोफेशनल वापरण्याची मुभा मिळे. होम प्रकारात ती नव्हती. आणि ज्यांना मुभा होती त्यांनाही ती ‘ऐवजी’ होती, ‘शेजारी’ नव्हे. दोन्ही एकाच डिस्कवर ठेवायच्या तर एक्सपीचा परवाना वेगळा हवा.

पहिले ५१२ बाइट

आता दुसरा प्रश्न. ‘आधी जुनी टाका, मग नवी’ हा नियम तुम्ही कुठल्याही जाणकाराच्या तोंडून ऐकाल. तो कुठून आला हे समजण्यासाठी १९८३ पर्यंत मागे जायला हवे.

त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक आणला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. सोबत डॉस २.० आली. तोवर सिस्टीम फ्लॉपीवर असे. दुसरी सिस्टीम हवी तर फ्लॉपी बदलायची. हार्ड डिस्क काही बदलता येत नाही, आणि त्या काळी डॉस हीच एकमेव सिस्टीम टिकेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. म्हणून डिस्कचा सर्वांत पहिला, ५१२ बाइटचा तुकडा राखून ठेवला गेला. त्यात ४४६ बाइट सूचनांसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि २ बाइट खुणेसाठी. चार घरांत चार वेगवेगळ्या सिस्टीम नांदाव्यात, त्यांतल्या एकीवर ‘चालू’ अशी खूण असावी, अशी ही व्यवस्था. म्हणजे एका डिस्कवर अनेक सिस्टीम ही कल्पना नंतर कोणी शोधलेली खटपट नव्हे. पीसीच्या हार्ड डिस्कबरोबरच ती जन्माला आली.

पण घरे चार आणि दाराशी बसणारा एकच. संगणक सुरू झाला की पहिला तुकडा वाचतो, तो चालू घराकडे बोट दाखवतो, आणि त्या घराच्या उंबरठ्यावरच्या ५१२ बाइटमध्ये जे लिहिले असेल ते चालते. त्या उंबरठ्याला बूट सेक्टर म्हणतात. जी सिस्टीम शेवटी टाकली जाते ती दोन्ही ठिकाणी आपली माणसे बसवते, आधीच्यांना न विचारता.

१९९३ च्या विंडोज एनटीने थोडी सभ्यता दाखवली. ती डॉसच्या संगणकावर चढवली तर जुना बूट सेक्टर एका फाइलीत जपून ठेवी आणि आपल्या यादीत ‘डॉस’ अशी ओळ घाली. ही यादी ‘बूट डॉट आयएनआय’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असे आणि ‘एनटीएलडीआर’ हा छोटा प्रोग्रॅम ती वाची. १९९५ च्या विंडोज ९५ मध्येही सुरू होताना एफ ४ दाबले की आधीची डॉस उघडण्याची सोय ठेवता येई. एक्सपीपर्यंत एनटीएलडीआर हाच द्वारपाल राहिला.

व्हिस्टाने तो बदलला. नवा द्वारपाल ‘बूटएमजीआर’, आणि त्याची यादी आता साध्या मजकुरात नसून ‘बीसीडी’ या बंदिस्त नोंदवहीत. बूटएमजीआरला एनटीएलडीआर माहीत होता. एक्सपीवर व्हिस्टा चढवली की यादीत ‘विंडोजची आधीची आवृत्ती’ अशी ओळ आपोआप येई. एनटीएलडीआरला मात्र बूटएमजीआर माहीत असणे शक्यच नव्हते. २००१ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमला २००७ चे काय ठाऊक? नव्याला जुने ओळखता येते, जुन्याला नवे ओळखता येत नाही. क्रमाचा तो नियम एवढ्यावरच उभा आहे. आणि व्हिस्टा भरूनच आलेल्या संगणकात हा क्रम पाळण्याची संधी ग्राहकाला कोणी दिलेलीच नव्हती.

उलट्या क्रमाने

तर तुम्ही लंकेवरच्या आपल्या दुकानात नवा लॅपटॉप उघडून बसला आहात. पहिले काम जागा काढण्याचे. व्हिस्टामध्ये पार्टिशन आकसण्याची सोय आतच होती, आणि ती तिथूनच वापरणे शहाणपणाचे, कारण व्हिस्टा पार्टिशनची हद्द जशी आखते तशी एक्सपी आखत नाही. हलवता न येणाऱ्या फाइली वाटेत असल्या की हे आकसणे निम्म्यावरच अडे.

दुसरे काम एक्सपीची सीडी लावण्याचे. इथे पुष्कळांचा पहिला दिवस वाया जाई. सीडी सुरू होई, निळा पडदा येई आणि एक्सपी सांगे, या संगणकात हार्ड डिस्कच नाही. डिस्क होती, पण ती साटा जातीची, एएचसीआय पद्धतीने चालणारी, आणि एक्सपीच्या मूळ सीडीत तिचा ड्रायव्हर नव्हता. एफ ६ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीतून द्या, असे एक्सपी म्हणे. २००८ च्या लॅपटॉपला फ्लॉपी कुठून आणायची? मग एक तर बायोसमध्ये जाऊन डिस्कला जुन्या आयडीई पद्धतीने चालायला लावायचे, नाहीतर ‘एनलाइट’ हा प्रोग्रॅम वापरून ड्रायव्हर आत घातलेली नवी सीडी स्वतः तयार करायची. हलक्या केलेल्या नकली सीडींतून कधीकधी भाषांच्या फाइलीच गाळलेल्या असत. एक्सपी बसे, पण युनिकोड देवनागरीच्या जागी चौकोन दिसत.

एक्सपी बसली की संगणक थेट तिच्यातच सुरू होई. व्हिस्टा नाहीशी झाली असे वाटून अनेकांच्या पोटात गोळा येई. प्रत्यक्षात तिचे घर जसेच्या तसे असे. एक्सपीने व्हिस्टाच्याच चालू घराच्या उंबरठ्यावर आपला एनटीएलडीआर बसवलेला असे, एवढेच. व्हिस्टाची डीव्हीडी लावून दुरुस्तीच्या भागातून उंबरठा पुन्हा बूटएमजीआरच्या ताब्यात द्यायचा, आणि मग ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने नोंदवहीत एनटीएलडीआरची ओळ हाताने घालायची. हे आज्ञांचे काम नको असेल त्यांच्यासाठी ‘ईझीबीसीडी’ हा मोफत प्रोग्रॅम होता. पण डीव्हीडीच नसेल तर? बऱ्याच कंपन्यांनी तोवर डीव्हीडी देणे बंद केले होते. सिस्टीमची मूळ प्रत डिस्कवरच्या एका लपवलेल्या पार्टिशनात असे, आणि पहिल्या ५१२ बाइटवर एक्सपी बसली की एक कळ दाबून ती परत आणण्याची सोयही काही संगणकांत बंद पडे. म्हणून अनुभवी माणूस सगळ्यात आधी त्या प्रतीच्या डीव्हीडी स्वतः तयार करून ठेवी.

दोन्ही सुरू झाल्यावरही शेजार सुखाचा नव्हता. एक्सपी चालू असताना ती व्हिस्टाचे पार्टिशन पाही, तिथे व्हिस्टाने ठेवलेले ‘रिस्टोअर पॉइंट’ तिला अनोळखी वाटत आणि ती ते पुसून टाकी. मजकुराच्या फाइलींना धक्का लागत नसे, पण व्हिस्टा बिघडली तर मागे जाण्याची वाट बंद झालेली असे. उपाय होता व्हिस्टाचे पार्टिशन एक्सपीपासून लपवण्याचा. व्हिस्टा हायबरनेट करून ठेवली आणि एक्सपीत जाऊन सामायिक पार्टिशनावर काही लिहिले तर नुकसान याहून मोठे. व्हिस्टा जागी होई ती आपल्या आठवणीतल्या जुन्या हिशेबासह, आणि तो हिशेब डिस्कवर लादताना फाइली खराब करी. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री हे घडले तर काय होईल याची कल्पना लंकेवरच्या कोणाही दुकानदाराला विचारून घ्या.

दार बंद होते

२००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ आली. तिच्या प्रोफेशनल आणि वरच्या प्रकारांसाठी मायक्रोसॉफ्टने ‘एक्सपी मोड’ दिला. हा म्हणजे विंडोज ७ च्या आत, खिडकीत चालणारा आभासी संगणक आणि त्यात परवान्यासह एक्सपी. जुनी सिस्टीम लोकांना शेजारी हवी आहे हे कंपनीने यातून मान्य केले, असे मी म्हणेन. उंबरठ्याची भांडणे यात नव्हती. पण आभासी संगणकाला समांतर पोर्टातल्या लॉकपर्यंत पोचणे जिकिरीचे होते, आणि नव्या लॅपटॉपांना ते पोर्टच उरले नव्हते.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर बायोसची जागा यूईएफआयने मोठ्या प्रमाणावर घेतली. पहिल्या ५१२ बाइटची, चार घरांची ती १९८३ ची व्यवस्थाच बाजूला पडली. नव्या जीपीटी तक्त्यात घरे पुष्कळ, पण ३२-बिट एक्सपीला तो तक्ता वाचताच येत नाही. शिवाय ‘सिक्युअर बूट’मुळे ओळखीची सही नसलेला द्वारपाल आत घेतला जात नाही. काही वर्षे बायोसचा मुखवटा घालण्याची सोय संगणकांत राहिली, मग तीही कमी होत गेली. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची सुरक्षादुरुस्ती संपली. त्यानंतरही कुठे ती ठेवायची असेल तर नेटवर्कची वायर काढूनच.

मधल्या काळात वैदिक चिन्हांना आकडे मिळाले, इनडिझाइनला जोडाक्षरे जुळवता येऊ लागली. नव्या पुस्तकासाठी जुनी सिस्टीम लागण्याचे कारण उरले नाही. उरल्या त्या जुन्या फाइली. कृतिदेवचे युनिकोड करणारी अनेक साधने आज मोफत मिळतात, आणि वर्तमानपत्री हिंदीवर ती बरी चालतात. संस्कृतवर ती अडखळतात. ‘र्त्स्न्य’सारखे जोडाक्षर तुकड्यातुकड्यांनी रचलेले असेल, रफार शब्दाच्या शेवटी टाइप केलेला असेल, किंवा फॉन्ट करणाऱ्याने एखाद्या ग्रंथापुरते चिन्ह कुठल्यातरी मोकळ्या जागेत बसवले असेल, तर तक्ता जुळत नाही. मुद्रितशोधकाने केलेले काम पुन्हा करावे लागते. काशीत काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, ज्या ग्रंथांची शेवटची, तपासून पूर्ण केलेली प्रत अशा फाइलीत आहे त्यांची नवी आवृत्ती काढायची म्हणजे आधी हे.

तुमच्या घरी, महाविद्यालयात किंवा ओळखीच्या छापखान्यात असा एखादा एक्सपीचा संगणक अजून असेल, तर तो भंगारात जाण्यापूर्वी चार गोष्टी करून ठेवा. पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या, म्हणजे ती आभासी संगणकात पुन्हा चालवता येईल. फॉन्टच्या फाइली मजकुरासोबत एकाच फोल्डरात ठेवा, कारण फॉन्ट हरवला तर १०७ म्हणजे काना की दांडा हे सांगायला कोणी उरत नाही. प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढा, ती निदान डोळ्यांना वाचता येते. आणि मागच्या पोर्टात खोचलेला तो लहानसा ठोकळा काढून, त्यावर पॅकेजचे नाव लिहून, डबीत घालून ठेवा. सफाई करताना सर्वांत आधी तोच फेकला जातो.